१ जूनला जन्मलेली माणसे

धाराशिव जिल्ह्यातील म्हाताऱ्याकोताऱ्यांची आधार कार्डे कधी एकत्र ठेवून पाहावीत. त्यांतली कितीतरी माणसे १ जूनला जन्मलेली आढळतील, आणि उरलेल्यांपैकी बरीच १ जानेवारीला. यात योगायोग काही नाही. शाळा जूनमध्ये भरत. बाप पोराला हाताला धरून घेऊन येई. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत, कान हाती लागला की पोरगा सहा वर्षांचा झाला असे ठरे, आणि दाखल्यावर सोयीचे वर्ष टाकून त्यापुढे १ जून लिहून ते मोकळे होत. ज्या बायाबापड्या शाळेच्या पायरीवरच चढल्या नाहीत, त्यांचे वय पुढे कधीतरी रेशन कार्डावर नाहीतर मतदार यादीत कुणीतरी चेहऱ्याकडे पाहून लिहिले. त्याआधीची पिढी तर निजामाच्या राज्यात जन्मली. तिथे साल फसली, महिने इराणी नावांचे आणि दफ्तर उर्दूत. त्यामुळे आमच्याकडे वय सांगायची रीत निराळी आहे. 'पोलीस ॲक्शनला मी पाळण्यात होते' म्हणजे जन्म १९४८ च्या आगेमागे. 'बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झालं' म्हणजे आता सत्तरीच्या आसपास.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला या गोष्टीची मौज वाटते आणि भीतीही वाटते. कारण बँक, तहसील आणि एसटी या तिन्ही ठिकाणी म्हातारपण सुरू होते ते त्या मास्तरांनी टाकलेल्या तारखेपासून. साठ म्हणजे ज्येष्ठ नागरिक, पासष्टला श्रावणबाळ योजनेचा अर्ज, आणि पंचाहत्तरीला एसटीचा प्रवास फुकट. शास्त्रज्ञ शंभर-सव्वाशे वर्षे ज्या प्रश्नाशी झगडत आहेत, तो आपण एका अंदाजे लिहिलेल्या तारखेवर सोडून दिलेला आहे.

दर नोव्हेंबरला निवृत्तिवेतनधारकांना आपण जिवंत आहोत असे बँकेला लिहून द्यावे लागते. हयातीचा दाखला म्हणतात त्याला. समोर माणूस काठी टेकत उभा, त्याचा मी नावानिशी ओळखीचा, तरी 'आपण हयात आहात' असे त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय माझी सुटका नसे. २०१४ पासून बोटाचा ठसा घेऊन हे काम यंत्रावर होऊ लागले, आणि मग एक नवीच गोष्ट कळली. वयाने बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि मातीत, दगडात, कोयत्यावर राबलेल्या हातांच्या तर फारच लवकर होतात. तालुक्याच्या शाखेत एका आजींचा अंगठा यंत्र चार-पाच वेळा नाकारत होते. मी म्हटले, "आजी, दुसरं बोट ठेवून बघा." त्या म्हणाल्या, "धाही ठिवून बघितली सायेब. खुरप्यानं खाल्ली समदी." अखेर जुन्या पद्धतीने कागदावर काम भागले. पण एक विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्यांच्या कार्डावरचे वय आणि त्यांच्या बोटांचे वय ही दोन निराळी वये होती, आणि यंत्राने दुसरे ओळखले होते.

शरीर म्हातारे का होते, या प्रश्नाचे जीवशास्त्राकडे एक उत्तर नाही, डझनभर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतले ऑगस्ट वाइझमान म्हणाले की, झिजलेल्यांनी नव्यांना जागा करून द्यावी म्हणून निसर्गानेच मरण योजले आहे. ऐकायला गोड आहे, पण टिकले नाही. १९५२ मध्ये पीटर मेडावार यांचे 'जीवशास्त्रातला एक न सुटलेला प्रश्न' अशा अर्थाच्या नावाचे व्याख्यान छापून आले, त्यात त्यांनी प्रश्न उलटा मांडला. रानातला प्राणी म्हातारा होईपर्यंत जगतोच कुठे? वाघ, साथ, उपासमार यांतून वाचून वृद्धत्वाला पोचणारे मूठभर. तेव्हा उतारवयात दोष दाखवणारी जनुके निसर्गाच्या निवडीतून सहीसलामत सुटत आली. मी याला ऑडिटची उपमा देतो. ज्या खात्याची तपासणी कधी होतच नाही, त्यात घोळ साठत जातो. प्लेग, पटकी आणि दुष्काळ यांनी ज्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसे तरणीताठी नेली, तिथे हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले की माणसाच्या सर्वसाधारण पेशी काचपात्रात सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. त्याआधी जवळजवळ अर्धशतक पेशी अमर असतात असेच जग मानत होते. पुढे याचे कारण गुणसूत्रांच्या टोकांशी सापडले. बुटाच्या नाडीच्या टोकाला जसे टोपण असते, तसे हे टेलोमिअर प्रत्येक विभाजनात थोडे आखूड होते. त्या संशोधनाला २००९ चे नोबेल मिळाले. डेनहॅम हारमन यांनी १९५६ मध्ये निराळे सांगितले होते. प्राणवायू जाळून ऊर्जा करताना जे उपद्रवी रेणू तयार होतात, ते पेशीला आतून गंजवतात, असे त्यांचे म्हणणे. या सिद्धांतावर जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला, त्या गोळ्यांनी आयुष्य वाढते असे मात्र चाचण्यांतून सिद्ध झाले नाही. हेफ्लिक स्वतः ९६ वर्षे जगले आणि हारमन ९८. म्हातारपणाचा अभ्यास प्रकृतीला मानवत असावा.

मला यांत सर्वांत पटतो तो टॉम कर्कवूड या इंग्रज शास्त्रज्ञाचा १९७७ चा विचार. बँकेतल्या माणसाला तो न पटला तरच नवल. शरीराची मिळकत ठरलेली असते. तीतून रोजचे काम, संतती आणि डागडुजी असे तीन खर्च भागवायचे. पहिले दोन टाळता येत नाहीत, म्हणून कात्री लागते ती डागडुजीला. थोडी थोडी दुरुस्ती राहून जाते, तिची थकबाकी साठते आणि त्या थकबाकीलाच आपण म्हातारपण म्हणतो. त्यांनी हे जीवजातींच्या संदर्भात मांडले आहे, एकेका माणसाच्या नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मला त्यातून कळंब, भूम, वाशी तालुक्यांतली ऊसतोडीची जोडपी दिसतात.

दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उन्हाळ्या-पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचे आणि कारखाना बंद होईपर्यंत पाच-सहा महिने पालात राहायचे. पहाटे फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे, आणि गाडी रात्री आली तर रात्री फळीवरून चढून ती भरणे. मजुरी टनावर, त्यामुळे बसला तो बुडाला. बाळंतपणही पुष्कळदा पालातच. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर ऐन तिशी-पस्तिशीत पाळी जाते, हाडे वेळेआधी ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. मिळकत तुटपुंजी, काम बेसुमार, आणि डागडुजीच्या नावावर शिल्लक शून्य. अशा बाईच्या आधार कार्डावर ४८ लिहिलेले असते. तिचे खरे वय काय, हे मी वाचकांवर सोडतो.

हे नुसते भावनेपोटी लिहीत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आयांचा आणि बाळांचा पिढीभर अभ्यास चालवला. आपली बाळे दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबीचे प्रमाण जास्त, हे त्यातून पुढे आले, आणि मधुमेहाचे बीज आईच्या पोटातच पडत असावे या विचाराला बळ मिळाले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जी उपासमार झाली, त्या वेळी गर्भात असलेल्यांना मध्यम वयात मधुमेह आणि हृदयाचे विकार अधिक झाल्याचे तिथल्या संशोधकांनी नोंदवले आहे. म्हणजे म्हातारपणाचा हिशेब जन्माआधीच उघडतो. बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. खडीच्या ढिगाऱ्यावर पोटुशा बाया हातोडा चालवत होत्या आणि घरी गेल्यावर अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी खात होत्या. त्या बायांच्या पोटातली मुले आता बावन्न-त्रेपन्न वर्षांची आहेत. त्यांतली पुष्कळ पुढे कोयता घेऊन गेली.

समाजशास्त्रज्ञांकडे वळले की सूर बदलतो. १९६१ मध्ये इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस शहरातल्या वयस्करांचा अभ्यास करून अलिप्ततेचा सिद्धांत मांडला. म्हातारा माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळे करतो, आणि यात दोघांचेही भले असते. ज्यांना त्यांनी तपासले, ती माणसे पोटापाण्याची ददात नसलेली होती, हे लक्षात ठेवलेले बरे. दुसऱ्या बाजूला रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांचे म्हणणे की, जो कामात राहील तोच सुखी राहील. आपल्याकडचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि हास्यक्लब ही याच विचाराची लेकरे, मग त्यांनी हॅविगहर्स्टचे नाव ऐकलेले असो वा नसो. ऑगस्ट २०२२ पासून एसटीने पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट माफ केले, तेव्हापासून तुळजापूरच्या गाडीत जागा मिळवायला तरुणांना कष्ट पडतात. मला तो या सिद्धांताचा सर्वांत यशस्वी प्रयोग वाटतो.

पण ऊसतोडीच्या गावात दोन्ही सिद्धांत हात टेकतात. दिवाळीनंतर अशा गावात जाऊन पाहावे. घराघराला कुलूप, आणि उघड्या दारात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. शासनाने हंगामी वसतिगृहाची योजना केली खरी, पण पोरांच्या अंगावर पांघरूण घालायचे काम आजीलाच करावे लागते. वीस वर्षे मुकादमाच्या मागे फिरून जी बाई आता 'घरी बसली', ती घरी बसून चार नातवंडांचे करते, शेरडे सांभाळते, आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायलाही जाते. तिला ना अलिप्तता परवडत, ना हौसेची सक्रियता माहीत.

डोनाल्ड काउगिल या समाजशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये म्हटले की, समाज जसजसा आधुनिक होतो तसतसा वृद्धांचा मान उतरतो. हे पुष्कळ अंशी खरे असले, तरी आमच्याकडे मान कशाला चिकटलेला असतो हे पाहायला सातबारा काढावा लागतो. ज्याच्या नावावर रान आहे, त्याच्या औषधाला शहरातला मुलगा येतो. वाटणी झाली, फेरफार मंजूर झाला की ताटाची जागा बदलते. पीक कर्जाच्या कागदांवर सही करताना थरथरणारे हात मी पुष्कळ पाहिले, त्यातली प्रत्येक थरथर वयाची नव्हती. अशांसाठी २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीस दिली आणि सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र त्यातल्या तेविसाव्या कलमाखाली रद्द करता येते, आणि दाद प्रांताधिकाऱ्यांकडे मागायची असते. मात्र अट कागदात लिहिलेली हवी. मुलाच्या नावे कागद करताना 'मला सांभाळशील ना' असे लिहून घ्यायला बाप धजत नाही. भूमिहीनाला तर हाही मार्ग नाही, कारण त्याच्याकडे परत घ्यायला काही नसते.

माणसाला म्हातारपणी सर्वांत अधिक काय लागते, याचा धडा या भागाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावे निजली होती. किल्लारीचे नाव जगभर झाले, पण आमच्या जिल्ह्यातल्या उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यांतली सास्तूरसारखी गावेही त्याच पहाटे बसली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे यांखाली दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गाडली गेली. मी तेव्हा त्या भागातल्या शाखेत होतो. वारसांचे दाखले आणि मदतीच्या रकमांच्या ठेवी करण्यात महिने गेले. पोरक्या झालेल्या मुलांसाठी अनेक हात पुढे आले, भारतीय जैन संघटनेने बाराशेच्या आसपास मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. लेकसुना गेलेल्या म्हाताऱ्यांच्या नावे ठेव झाली, तेवढीच.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भूकंपाला तोंड देतील अशी, रस्ते सरळ, प्लॉट आखीव. रॉबर्ट अचली यांचा सातत्याचा सिद्धांत सांगतो की, उतारवयात माणूस जुन्या सवयी, जुनी नाती, जुन्या जागा यांच्याच आधाराने नव्या बदलाशी जुळवून घेतो. नव्या गावात पार नव्हता, ओटा नव्हता, गल्लीचे वळण नव्हते. भावकीची घरे प्लॉटच्या क्रमांकाने पांगली. तरुणांनी दोन वर्षांत नवे गाव आपले केले. म्हातारी माणसे कित्येक दिवस काठी टेकत जुन्या गावच्या ढिगाऱ्याकडे जाऊन बसत. त्यांना वेड लागले असे लोक म्हणायचे. मला ती त्या गर्दीतली सर्वांत शहाणी माणसे वाटत.

मनाचे म्हातारपण हा कादंबरीकाराचा प्रांत, म्हणून तिथे मी जरा सांभाळून बोलतो. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून पाहतो, जगलो ते ठीक जगलो असे वाटले तर समाधान, नाही वाटले तर हताशा. तेव्हा ते पन्नाशीलाही पोचले नव्हते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी जोन यांनी वयाच्या नव्वदीत नववा टप्पा जोडला, कारण ऐंशीनंतर शरीरच दगा देऊ लागते आणि मग जुन्या सगळ्या लढाया पुन्हा लढाव्या लागतात, हे त्यांना स्वतःच्या अंगावरून कळले होते. वृद्धत्वावर वृद्धांनी लिहिले की फरक पडतो तो असा.

आमच्या जिल्ह्याला पिकलेपणाची पारख काही नवी नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोणते मडके भाजले आणि कोणते कच्चे हे सांगितल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यात कुणी कुणाला जन्मसाल विचारल्याचे ऐकिवात नाही, आणि ही पारख करायला लावणारी मुक्ताबाई त्या मंडळींत वयाने सर्वांत लहान. भूम तालुक्यात कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर यांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी सल्लेखनेने देह ठेवला. वय ८३, दृष्टी मंदावलेली. त्या व्रतावर पुढे न्यायालयात वाद झाले, त्यात मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की, कॅन्ससच्या संशोधकांना जी अलिप्तता वाटली, तिचे दोन प्रकार आहेत. एक माणूस आपणहून सोडतो. दुसरीत त्याला सोडून दिले जाते. पहिलीसाठी आधी हातात काही असावे लागते.

हे सर्व पुन्हा त्या तारखेशी येऊन भिडते. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली, ही चांगलीच गोष्ट. पण वयाची अट पासष्टची. मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या साह्याने देशातल्या बहात्तर हजारांवर माणसांची जी वार्धक्यपाहणी केली आणि तिचा अहवाल २०२१ मध्ये दिला, तिच्यात मोजणी सुरू केली ती पंचेचाळिसाव्या वर्षापासून. अभ्यासकाला पंचेचाळिशीपासून जे दिसते, ते तहसिलीला पासष्टला दिसते. यावर अर्थखात्याचे ठरलेले उत्तर असे की, सरासरी आयुष्य वाढले आहे. वाढले आहे खरे. स्वातंत्र्याच्या वेळी ते ३२ वर्षांच्या आसपास होते, आता सत्तरच्या घरात आहे. पण त्यातला मोठा वाटा लहान मुले वाचू लागली याचा आहे. फडात कंबर मोडलेल्या बाईची कंबर त्या सरासरीने सरळ होत नाही. आणि सरासरीत मुंबईतला निवृत्त अधिकारी असतो, मीही असतो. माझे निवृत्तिवेतन साठाव्या वर्षी सुरू झाले, खुर्चीत बसून काम केल्याबद्दल.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ऊसतोड कामगारांचे म्हातारपण जन्मसालावरून मोजूच नये. ते हंगामांवरून मोजावे. ज्याने पंचवीस हंगाम तोडणी केली, त्याला आणि मुख्य म्हणजे तिला, कार्डावर काहीही वय असो, निवृत्तिवेतन सुरू व्हावे. आकडा पंचवीस असावा की वीस, यावर डॉक्टरांना बसवावे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालेले आहे, ओळखपत्रांचे कामही निघाले आहे. त्या ओळखपत्रावर दरवर्षी एक नोंद वाढवायची, एवढेच काम आहे. मागच्या हंगामांचा पुरावा कुठून आणायचा, असे अधिकारी विचारतील. पुरावा आहे. प्रत्येक मुकादमाकडे एक वही असते. कोणत्या साली, कोणत्या कारखान्याला, कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली आणि किती फिटली, हे तीत तारखेनिशी लिहिलेले असते, कारण ते त्याचे स्वतःचे पैसे असतात. तिथे बाईचे नाव पुष्कळदा नसते, नवऱ्याच्या नावापुढे नुसते 'कोयता १' असते. तो एक म्हणजे दोन माणसे, हे शासनाने वाचताना धरून चालावे.